जाणता वारस

खोरे दप्तरखान्याच्या दारात आता कोणी उघडी वही घेऊन येत नसे. बोचकं यायचं ते गाठीवर गाठ मारलेलं आणि वर लाखेचा ठिपका लावलेलं. आणणाऱ्याच्या हातात मोजे असायचे. मागच्या आठवड्यात तर एक गृहस्थ पणजोबांच्या वह्या चुलीजवळच्या लांब चिमट्यात धरून आले होते. "मी हात लावलेला नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. "हे आधी लिहून घ्या. वेळही घाला."

आतला वाचनकक्ष चाळीस माणसांचा होता. त्यात त्या दिवशी दोघं बसली होती. दोघांच्याही तोंडाला पट्टी होती, आणि एकमेकांचं पुस्तक दिसू नये म्हणून त्यांनी मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या सोडल्या होत्या.

हे असं का झालं ते समजायला एक साधी सवय आठवावी लागेल. पान सुटेना झालं की आपण बोट जिभेला लावतो आणि कोपरा उचलतो. दुकानदार हे करतो, तलाठी करतो, पोथी वाचणाराही करतो. शाळेत गुरुजी ओरडायचे, तरी मुलं करायचीच. बोटावरची ती थेंबभर लाळ कागदाच्या कोपऱ्यात मुरते. लाळेत नुसतं पाणी नसतं. गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी असतात, आणि प्रत्येक पेशीत त्या माणसाच्या वारशाचा रेणू असतो, जसा दुसऱ्या कोणाकडे नाही. पाणी सुकून जातं, पण रेणूचे तुकडे कागदाच्या धाग्यांत अडकून राहतात. पन्नास वर्षं राहतात, कधी शंभरही.

कागदाला आणि शाईला धक्का न लावता हे तुकडे उचलून घेणारी एक पातळ झिल्ली शास्त्रज्ञांनी तयार केली. ती टिकलीएवढी कापायची, पानाच्या कोपऱ्यावर दाबायची, उचलायची आणि यंत्रात टाकायची. पान कोणी उलटलं ते यंत्र सांगतं. या तंत्राला नाव पडलं स्पर्शवाचन, आणि सापडलेल्या डागाला लाळखूण. सुरुवातीला सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. आजीनं कोणतं पत्र किती वेळा वाचलं ते नातवाला कळू लागलं. मग २०३९ साली पाण्याच्या भांडणांसाठी नवा कायदा आला, आणि त्यात एक शब्द आला : जाणता वारस.

पूर्वजानं केलेल्या अन्यायाची नोंद घरातल्या कागदात आहे, ती वारसानं वाचली आहे, आणि तरीही तो गप्प राहिला आहे, असा वारस म्हणजे जाणता वारस. ज्यानं वाचलीच नाही तो अजाण. अजाण वारसाला दोष नाही. जाणत्याच्या घराकडून पाण्याचा कारभार काढून घेतला जातो. पूर्वी माणूस "मला ठाऊक नव्हतं" म्हणाला की गोष्ट तिथंच संपायची. आता पानाला विचारता येत होतं.

त्या दिवशी दप्तरखान्यात आलेले जिभाऊ खैरनार मात्र पानाला विचाराच, असा हट्ट धरून आले होते.

जिभाऊ सत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होते. सोबत त्यांची मुलगी हेमलता होती. मोरखडी नदीवरच्या नांदवण गावची ती पाटकरीण. नदीवर लहानसा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटावरच्या शेतांना ठरलेल्या पाळीनं पाणी, अशी त्या खोऱ्याची जुनी रीत. पाळी लावतो तो पाटकरी. कोणाचं शेत कोणत्या दिवशी किती घटका भिजलं ते तो पाळीवहीत लिहितो. खैरनारांच्या घरात हे काम चार पिढ्या होतं. पाटाच्या दाराची किल्ली हेमलताच्या कमरेला असायची.

"बसा जिभाऊ," डॉ. तस्नीम बागवान म्हणाल्या. स्पर्शवाचनाची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती. "चहा सांगते."

"चहा नको. कपाला ओठ लागतो."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "तुमची लाळ आम्हाला लागणारच आहे. जुळवून बघायला नमुना तर द्यावा लागेल."

"तो माझ्या डोळ्यांसमोर घ्या. बाटलीचं बूच माझ्यासमोर लावा. आणि वर माझी सही."

"आबा घरातलं कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघतात, मॅडम," हेमलता म्हणाली. "मनावर घेऊ नका."

"तू गप. दोनदा ओढून उघडलेलं कुलूप मी पाहिलंय."

प्रकरण असं होतं. नांदवणच्या खाली, पाटाच्या शेवटाला, टेंभवण नावाचं गाव होतं. १९५२च्या टंचाईत ते गाव उठलं. माणसं गुजरातेकडे गेली, काही परत आली, बरीच आली नाहीत. पाणीच नव्हतं, नदी आटली होती, असं सगळे सांगत. मागच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या पाटकऱ्यांच्या जुन्या वह्या दप्तरखान्यानं जतनासाठी मागवल्या. खैरनारांनीही आपली दिली. ती वही त्यांच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेली असायची. आखाजीच्या सणाला तिला हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा ठेवायची. दप्तरखान्यानं वही सोडली, साफ केली, तिचे फोटो काढून सर्वांना बघायला ठेवले. त्यातलं सत्तेचाळिसावं पान टेंभवणातून उठून गेलेल्या एकाच्या नातवानं वाचलं. त्यावर जिभाऊंच्या आजोबांच्या, गोविंदा पाटकऱ्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'टेंभवणच्या नऊ पाळ्या बंद. पाणी नांदवणच्या उसाकडे वळविले.'

नदी आटली नव्हती.

"टेंभवणच्या लोकांना त्यांची पाळी परत मिळाली, ते योग्यच झालं," जिभाऊ म्हणाले. "मी स्वतः सभेत हात वर केला. पण आता म्हणतात, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही वही लपवून पूजा करत होता. आजोबांनी लिहिलं, त्यांचं पाप त्यांच्यापाशी. माझे वडील निरक्षर. शाळेत दोन महिने गेले आणि म्हशींच्या मागे पळाले, ते परत फिरकले नाहीत. नथू आप्पांना 'न' कोणता हे ठाऊक नव्हतं. आणि मी ती गाठ आयुष्यात सोडलेली नाही."

"नक्की?"

"डॉक्टरबाई, मी अडतीस वर्षं पोरांना सांगितलं, खोटं बोलायचं नाही. लोक आता रस्त्यात माझ्याकडे बघतात आणि दुसरीकडे बघतात. बंधाऱ्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे. सत्त्याण्णवच्या पुरात फुटला तेव्हा स्वतः दगड वाहून त्यांनी तो बांधला. ते नाव खरवडायचं म्हणतात. तुम्ही पान तपासा."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती. ज्याच्या मनात काही नसतं तो सहसा तपासणी मागायला येत नाही, तो घरीच बसतो. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. जिभाऊंना मात्र ते दिसलं असावं, कारण बाटलीवर सही केल्यावर त्यांनी पेनही स्वतःच्या खिशात टाकलं.

अहवाल पंधरा दिवसांनी आला.

"पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर तीन माणसं सापडली," डॉ. तस्नीम म्हणाल्या. "पहिले लिहिणारे, तुमचे आजोबा. दुसरे तुमचे वडील. त्यांच्या हाताचा घाम आहे. लाळ नाही."

"आप्पांनी हात लावला असेल. वाचता येत नव्हतं."

"तिसरी लाळखूण आहे. ती तुमची आहे, जिभाऊ."

जिभाऊ मुलीकडे वळून म्हणाले, "मी सांगत होतो की नाही? बाटली. बाटलीतून घेतलं."

"ताजी लाळ असती तर लगेच कळलं असतं," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "हे बघा, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला पटेल. शाळेचं नवं पुस्तक जूनमध्ये कोरं असतं. जसजसं वर्ष जातं तसतशा त्याच्या कोपऱ्यांना घड्या पडतात. पुस्तक नुसतं बघून तुम्ही सांगू शकता, दिवाळी झाली की परीक्षा आली. वारशाच्या रेणूवरही वयाप्रमाणे अशाच बारीक खुणा पडत जातात. त्या मोजल्या की लाळ कोणत्या वयात लागली ते समजतं. तुमच्या बाटलीतली लाळ सत्तर वर्षांच्या माणसाची आहे. पानावरची नऊ वर्षांच्या मुलाची."

"नऊ?"

"आठ ते दहा धरा. म्हणजे १९८० साल. आणि तुमच्या वडिलांचा घामही त्याच सुमाराचा आहे. एकाच कोपऱ्यावर दोघं."

याचा अर्थ काय होतो ते कोणालाही सांगायला लागलं नाही. निरक्षर बाप, तिसरी-चौथीत शिकणारा मुलगा, मध्ये वही. बापानं वाचून घेतलं, मुलानं वाचून दाखवलं. म्हणजे नथू आप्पांनाही ठाऊक होतं, आणि जिभाऊंनाही.

"आबा," हेमलता म्हणाली, "तुम्ही वाचलं होतं?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

"मला काय ठाऊक? यंत्र चुकलं असेल."

"टेंभवणच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. मी सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या बापाला माहीत नव्हतं. गळा सुकेपर्यंत सांगितलं." तिचा आवाज वाढला नव्हता, पण तिनं 'आबा' म्हणायचं सोडलं होतं. "निदान मला तरी सांगायचं."

नियमाप्रमाणे आता स्मरणबैठका होणार होत्या. स्पर्शवाचन हे सांगतं की पान उलटलं. वाचलं की नाही, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून संबंधित माणसाला पान दाखवायचं, निष्कर्ष सांगायचा आणि आठवायला पुरेसा वेळ द्यायचा. अशा तीन बैठका. माणूस मान्य करतो किंवा करत नाही. मान्य केलं नाही तर प्रकरण वर्षानुवर्षं या कायद्याखालच्या पंचांपुढे चालतं.

पहिल्या बैठकीत जिभाऊ पाऊण तास पानाच्या फोटोकडे बघत बसले. "काही नाही," ते म्हणाले. "कोरी पाटी."

"घाई नको," डॉ. तस्नीम म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या. समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा त्यांना मनापासून कळवळा आला होता. "शाळेला सुट्टी असेल. उन्हाळ्याचे दिवस असतील. वडील ओसरीवर बसले असतील. तुम्ही तिसरी पास झालेले, नवं नवं वाचता येऊ लागलेलं. त्या वयात मुलं दिसेल ते वाचतात."

"ते खरं आहे. मी दुकानाच्या पाट्या वाचायचो."

दुसऱ्या बैठकीला ते आठ दिवसांनी आले. दाढी वाढली होती. हेमलता सोबत नव्हती.

"झोप येत नाही," ते म्हणाले. "घरात मुलगी बघते. मी ताट घेतलं की बघते, बाहेर निघालो की बघते. विचारत काहीच नाही." मग थोड्या वेळानं : "ओसरीवर आप्पा बसायचे हे खरं आहे. खांबाला टेकून. उन्हाळ्यात."

"हातात काही?"

"लाल फडकं होतं वाटतं." ते एकदम थांबले. "हे मला आठवतंय की मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतोय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला आता कशाचीच खात्री वाटत नाही, बाई. माझ्याच तोंडाकडे मी संशयानं बघतो."

तिसऱ्या बैठकीत मात्र त्यांचा चेहरा निवळलेला होता. आजारातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. त्यांनी सलग सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी होती. आप्पा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी लाल फडक्याची गाठ सोडली, वही मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वाच भो, काय लिखेल शे ते." मी बोट ओलं करून पान उलटलं. टेंभवणच्या नऊ पाळ्या बंद, हे मी अडखळत वाचलं. 'वळविले' हा शब्द मला दोनदा वाचावा लागला. आप्पांनी वही मिटली. मग म्हणाले, हे कोणाला सांगू नको. "आणि मी सांगितलं नाही," जिभाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकं सांगितलं नाही की मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही."

त्यांनी सही केली. आक्षेपासाठी तीस दिवसांची मुदत होती. ती सही करणाऱ्यालाच होती, इतरांना नाही.

चोविसाव्या दिवशी डॉ. तस्नीम बागवान वेगळ्याच कामासाठी दुरुस्ती विभागात गेल्या. दप्तरखान्यात दुरुस्ती विभाग आणि प्रयोगशाळा वेगवेगळ्या इमारतींत होत्या, आणि एकमेकांची नोंदवही बघायची नाही असा कडक नियम होता. दुरुस्तीवाल्यांनी प्रयोगशाळेचे कान भरू नयेत, प्रयोगशाळेनं दुरुस्तीवाल्यांना सांगून काही पुसून घेऊ नये, म्हणून तो केलेला होता. कोणी कोणावर विश्वास टाकायचा नाही, हाच त्या नियमाचा पाया. त्या दिवशी टेबलावर नोंदवही उघडी होती, आणि खैरनार हे नाव दिसलं म्हणून त्यांची नजर थबकली.

'खैरनार पाळीवही. पाने ४४ ते ५४. खालचे उजवे कोपरे उंदराने कुरतडलेले. जुन्या डिंकपट्ट्या, नग अकरा, काढून पाकिटात ठेवल्या.'

पूर्वी पोस्टाची तिकिटं मोठ्या तावात यायची. तावाच्या कडेला डिंक लावलेली कोरी पट्टी उरायची. ती फेकत नसत. फाटलेली नोट, फाटलेलं पुस्तक, काहीही त्या पट्टीनं चिकटवता येई. पट्टी जिभेवरून फिरवायची आणि दाबायची, बस. कागद जतन करणारे लोक अशा पट्ट्या आधी काढून टाकतात, कारण जुना डिंक कागद खातो.

डॉक्टरबाईंनी पाकीट मागून घेतलं. प्रयोगशाळेत जाऊन, बाकीची कामं बाजूला ठेवून, पुढचे तीन दिवस त्यांनी प्रथमच त्या वहीची इतर पानं तपासली. तपासणी फक्त सत्तेचाळिसाव्या पानाची मागितली होती, म्हणून तेवढंच तपासलं गेलं होतं. आता अकराच्या अकरा पानांवर नऊ वर्षांच्या जिभाऊंची लाळ निघाली. त्यांतली दोन पानं तर कोरी होती. टिकलीएवढी झिल्ली लावण्याऐवजी त्यांनी संपूर्ण कोपऱ्यावर झिल्ली दाबली, आणि डागाचा आकार समोर आला. तो लांबट चौकोनी होता. कडा सरळ होत्या. बोटाचा डाग असा कधी पडत नाही.

त्यांनी हेमलताला फोन केला.

"पट्टी?" हेमलता म्हणाली. "नथू आजोबांची रीतच होती ती. ते तंबाखू खायचे. त्यांनी जीभ लावली की कागद पिवळा पडायचा. म्हणून तिकीट असो, पाकीट असो, घरातल्या पोरानं चाटायचं. मी सुद्धा चाटलीयेत. तोंड गोडगोड व्हायचं. ते हाक मारायचे, आपण जीभ बाहेर काढून उभं राहायचं, ते पट्टी फिरवायचे आणि म्हणायचे, पळ आता." बोलता बोलता ती थांबली. "मॅडम, म्हणजे आबांनी..."

"वही हातातसुद्धा घेतली नसेल. अंगणात खेळत असतील. आप्पांनी बोलावलं, अकरा पट्ट्या ओल्या करून घेतल्या आणि कोपरे चिकटवले. त्यांना वाचता येत नव्हतं. चिकटवलेलं पान कोणतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं."

"तुम्ही या. आत्ता या. ते बंधाऱ्यावर आहेत."

दुपारी तीनच्या सुमाराला डॉ. तस्नीम नांदवणला पोचल्या. बंधाऱ्यावर एक गवंडी छिन्नी घेऊन उकिडवा बसला होता. 'नथू आप्पा' हे दोन शब्द गेले होते, 'खैरनार' राहिलं होतं. जिभाऊ शेजारी उभे राहून त्याला काही सांगत होते. गवंडी काम थांबवून ऐकत होता. सांगण्यात आता नव्या गोष्टी आल्या होत्या. ओसरीवर कोंबडी होती. आईनं आतून विचारलं होतं, काय वाचतोस रे.

डॉक्टरबाईंनी आणलेलं पाकीट हेमलतानं उघडलं आणि पट्ट्या दाखवल्या. डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. कोरी पानं, चौकोनी डाग, डिंक, तंबाखू. कुठलाही शब्द अवघड वापरला नाही. शेवटी खिशातून कागद काढला. "इथं सही करा, जिभाऊ. तीन दिवस बाकी आहेत. तुम्ही निर्दोष आहात. आप्पाही."

जिभाऊंनी पट्ट्यांकडे पाहिलं. हात लावला नाही.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. चूक माझी आहे. मी सांगायला आले."

"हिनं बोलावलं." त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं. "हिला किल्ली सोडवत नाही."

"आबा!"

"तुला लहानपणापासून ओळखतो मी. बाई, ऐका. मी सांगितलं, वाचलं नाही. तुमच्या यंत्रानं मला खोटं ठरवलं. बरं. मी मन खरवडून काढलं, खरं काय ते सापडलं, चारचौघांत सांगितलं. टेंभवणच्या म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. आता तुम्ही पुन्हा येता आणि मला पुन्हा खोटं ठरवता. माणसानं किती वेळा खोटं व्हायचं?"

"पण ते घडलेलंच नाही, जिभाऊ."

"घडलं नाही? मला पान डोळ्यांसमोर दिसतंय. डावीकडून तिसऱ्या ओळीत शाई सांडली होती. वर कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं सत्तेचाळीस लिहिलं होतं. मी तो आकडा आधी वाचला. आकडे मला अक्षरांच्या आधी यायचे. आप्पा हसले होते."

डॉ. तस्नीम यांनी हातातला कागद खाली घेतला. निळ्या पेन्सिलीचे आकडे मागच्या वर्षी घातलेले होते. दप्तरखान्यात वही आल्यावर, फोटो काढण्याआधी, एका कर्मचाऱ्यानं पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत घातलेले. १९८० साली त्या वहीला पानांचे आकडेच नव्हते. त्यांनी हे जिभाऊंना सांगितलं. अगदी हळू सांगितलं.

"आकडा होता," जिभाऊ म्हणाले. "तुम्ही होता का तिथं?"

मग ते गवंड्याकडे वळले. "थांबलास का? चालू दे."

हेमलता पाकीट घट्ट धरून उभी होती. छिन्नीचा आवाज सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तुम्ही आत्ता सांगितलेलं तरी नक्की का? की आणखी एक वही निघेल?"

परत येताना डॉ. तस्नीम बागवान यांना एक प्रश्न सुचला, आणि तो आजवर आपल्याला का सुचला नाही याचं त्यांना भय वाटलं. स्पर्शवाचनाचा निष्कर्ष बरोबर असतो, हे कशावरून ठरलं? त्यांनी प्रकल्पाची मूळ कागदपत्रं काढली. उत्तर तिसऱ्या पानावर होतं. यंत्रानं निष्कर्ष द्यायचा, स्मरणबैठका घ्यायच्या, आणि माणसाला आठवलं तर निष्कर्ष अचूक धरायचा. तीनशे सतरा प्रकरणं झाली होती. दोनशे नव्व्याण्णव माणसांना आठवलं होतं. कोणाला बाप आठवला होता, कोणाला कंदील, कोणाला पावसाची झड. त्यांनी काही जबान्या वाचल्या. सगळ्या किती नेमक्या होत्या! त्यांतल्या किती जणांनी खरोखर पान उलटलं होतं आणि किती जणांनी फक्त एखादी पट्टी चाटली होती, हे आता कोण सांगणार? त्या माणसांना विचारून उपयोग नव्हता. ती शपथेवर सांगतील की आठवतं, आणि ती खोटं बोलत नसतील.

त्यांनी त्याच दिवशी मुख्य कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. पट्ट्यांचे फोटो जोडले. उत्तर लवकर आलं आणि ते सभ्य होतं. आपली चिकाटी कौतुकास्पद आहे, असं त्यात म्हटलं होतं. परंतु संबंधित व्यक्तीचा आक्षेप नाही. संबंधित व्यक्तीस प्रसंग तपशीलवार आठवतो. सबब प्रकरण नियमाप्रमाणे बंद करण्यात येत आहे.

तिसावा दिवस संपला. नांदवणच्या पाटाची किल्ली दुसऱ्या घरी गेली. आणि खोरे दप्तरखान्याच्या दर्शनी फलकावर, बोचकी छातीशी धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर, स्पर्शवाचनाच्या अचूकतेचा आकडा आपोआप बदलला. काल तो चौऱ्याण्णव पूर्णांक बत्तीस शतांश टक्के होता. आता तो चौऱ्याण्णव पूर्णांक चौतीस शतांश झाला.